कामगार-सर्वेक्षणाचे आकडे आणि चाचणीची निवड

सर्वेक्षणाला कोणती संख्याशास्त्रीय चाचणी लावायची, हे प्रश्नावली वाटण्याआधी ठरवायचे असते. एमबीए, बीबीए किंवा समाजकार्याच्या पदवीसाठी कामाच्या ठिकाणी सर्वेक्षण करणारे बहुतेक विद्यार्थी हा क्रम उलटा लावतात. आधी गूगल फॉर्म, मग शंभर-सव्वाशे उत्तरे, मग प्रत्येक प्रश्नाचा पाय-चार्ट, आणि प्रकल्प जमा करायला आठ दिवस उरले की गाइडला प्रश्न: ‘यात आता कोणती टेस्ट बसवू?’ तोवर बरेच काही हातचे गेलेले असते. वयाचे तीनच गट विचारले असतील तर नेमके वय परत मिळत नाही. ‘लागू असेल ते सर्व निवडा’ अशा प्रश्नाला साधी काय-वर्ग चाचणी चालत नाही, कारण एकच माणूस तक्त्यात तीनदा मोजला जातो. प्रशिक्षणाआधीचे आणि नंतरचे फॉर्म कोणत्याही खुणेशिवाय घेतले असतील तर कोणते दोन फॉर्म एकाच माणसाचे, हे जुळवता येत नाही.

‘कर्मचारी समाधानाचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. चाचणीला प्रश्न लागतो, आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात: तुलना कोणाकोणाची आणि कशाबाबत. चाकण किंवा भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एखादा मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणावा. तिथे ‘पाळी बदलल्याचे आगाऊ कळणे हे कायम आणि कंत्राटी कामगारांत सारख्या प्रमाणात आढळते का?’ हा प्रश्न झाला. ‘रात्रपाळीच्या कामगारांचे समाधान दिवसपाळीपेक्षा वेगळे आहे का?’ हा दुसरा. असे तीन-चार प्रश्न एका प्रकल्पाला पुरतात. पुढची उदाहरणे अशाच एका कल्पित कारखान्यातली असून त्यांतले आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून निवडलेले आहेत.

उत्तराचा प्रकार

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मापनाच्या चार पातळ्या मांडल्या आणि पाठ्यपुस्तकांत त्या आजही तशाच येतात. कायम की कंत्राटी, विभाग कोणता, स्त्री की पुरुष, ही नामदर्शक उत्तरे. त्यांत वरखाली काही नसते. ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंतची उत्तरे क्रमदर्शक. वय, नोकरीची वर्षे, महिन्यातले खाडे या खऱ्याखुऱ्या संख्या. स्टीव्हन्स यांनी संख्यांचेही अंतरदर्शक आणि गुणोत्तरदर्शक असे दोन प्रकार केले आहेत, पण कामगार-सर्वेक्षणात त्यांच्यातल्या फरकावाचून क्वचितच काही अडते.

घोटाळा होतो तो क्रमदर्शक उत्तरांत. पाच पायऱ्यांची ही सहमतीची मोजपट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये वापरात आणली. (त्यांच्या नावाचा उच्चार लिकर्ट असाच आहे, वर्गात आणि व्हायवात सर्रास ऐकू येणारा ‘लायकर्ट’ चुकीचा.) ‘सहमत’ला ४ आणि ‘पूर्ण सहमत’ला ५ लिहिले म्हणजे त्यांच्यातले अंतर १ ते २ मधल्या अंतराइतकेच आहे असे सिद्ध होत नाही. म्हणून एकट्या विधानाची सरासरी काढावी की नाही यावर संख्याशास्त्रज्ञांत जुना वाद आहे. विद्यार्थ्याने त्यात न शिरता मधला रस्ता धरावा. सुटे विधान असेल तर टक्केवारी आणि मध्यक द्यावा. एकाच गोष्टीविषयीच्या सहा-आठ विधानांचे गुण एकत्र केले असतील तर त्या एकत्रित गुणांना संख्या मानून सरासरी, प्रमाण विचलन आणि त्यांवर आधारलेल्या चाचण्या वापराव्यात. लिकर्ट यांची मूळ पद्धतही अनेक विधानांचे गुण एकत्र करण्याचीच होती.

प्रश्नावली

तयार, तपासलेली मोजपट्टी मिळत असेल तर ती घ्यावी. नोकरीतल्या समाधानासाठी पॉल स्पेक्टर यांची १९८५ सालची मोजपट्टी जगभर वापरली जाते. तिच्यात ३६ विधाने असून पगार, बढती, वरिष्ठ, सहकारी असे नऊ उपविभाग आहेत. अशा मोजपट्टीची विधाने मनाला येतील तशी गाळू नयेत. गाळायचीच तर अख्खा उपविभाग ठेवावा किंवा अख्खा सोडावा.

खरी कसोटी भाषांतरात लागते. ‘मला माझ्या कामात स्वायत्तता मिळते’ हे वाक्य विद्यापीठात कोणालाही खटकत नाही, पण प्रेस मशिनवरचा ऑपरेटर ‘स्वायत्तता’वर थबकतो, शेजाऱ्याकडे बघतो आणि मधल्या ‘सांगता येत नाही’वर खूण करून मोकळा होतो. ‘काम कसे करायचे ते मला ठरवता येते’ असे लिहिले की तोच माणूस सरळ उत्तर देतो. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कामगारांसाठी हिंदी प्रत लागते. एकाने केलेले भाषांतर दुसऱ्याकडून मूळ भाषेत परत करून घेतले की अर्थ कुठे सरकला ते ताबडतोब दिसते. ‘पगार आणि सुपरवायझरची वागणूक समाधानकारक आहे’ अशी जोडविधाने तर ठेवूच नयेत. पगारावर खूश आणि सुपरवायझरवर नाराज असलेल्याने खूण करायची कुठे? कँटीनमध्ये दहा-पंधरा जणांकडून फॉर्म आधी भरून घेतला की असे बहुतेक खडे वेचले जातात.

फॉर्म कोण वाटतो यानेही उत्तरे बदलतात. एचआरच्या माणसाने लाइनवर वाटून तिथेच गोळा केलेल्या फॉर्मांत पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘सहमत’ची एकच सरळ रांग सापडते. असे फॉर्म वेगळे काढून त्यांची संख्या अहवालात नोंदवावी. बंद पेटी ठेवावी आणि नाव-टोकन नंबर विचारू नये. मात्र नाव न विचारूनही माणूस ओळखता येतो, हे ध्यानात असावे. क्वालिटी विभागात एकच बाई असेल तर विभाग आणि लिंग या दोन रकान्यांनीच तिचे नाव उघड होते. आधी-नंतरची तुलना करायची असेल तर प्रत्येकाने स्वतःच ठरवलेली खूण लिहावी, उदाहरणार्थ आईच्या नावाची पहिली दोन अक्षरे आणि जन्मतारखेतला दिवस. जोडी जुळते आणि नावही कळत नाही.

नमुना

नमुन्याच्या आकारासाठी क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता जवळपास प्रत्येक प्रकल्पात येतो. त्यानुसार ३०० जणांच्या समष्टीसाठी १६९ आणि १००० जणांसाठी २७८ उत्तरे हवीत. हा तक्ता नेमका कशासाठी आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. नमुना यादृच्छिक असेल आणि एखादी टक्केवारी पाच टक्के बिंदूंच्या आतबाहेर अजमावायची असेल, तेव्हाचे हे आकडे आहेत. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेल्या लिंकवर १६९ उत्तरे आली म्हणून तो नमुना यादृच्छिक होत नाही. ज्यांना बोलायचे होते तेवढेच बोललेले असतात. मस्टरची यादी मिळाली तर चिठ्ठीने सुरुवात ठरवून दर तिसरे नाव घ्यावे. यादी मिळाली नाही तर सोयीचा नमुना घ्यावा लागतो. त्यात कमीपणा नाही, पण तसे लिहिले पाहिजे आणि निष्कर्ष ‘उत्तरे देणाऱ्यां’पुरता ठेवला पाहिजे.

गटांची तुलना करायची असेल तर वेगळा हिशेब लागतो. जेकब कोहेन यांच्या मापाने ‘मध्यम’ म्हणावा असा फरक दोन सरासऱ्यांत खरोखर असेल आणि तो पाचांपैकी चार वेळा हाती लागावा अशी अपेक्षा असेल, तर प्रत्येक गटात ६४ माणसे हवीत. १२० फॉर्मांत बायका फक्त ११ असतील तर स्त्री-पुरुष तुलनेचा प्रश्न कागदावर कितीही चांगला दिसला तरी त्या फॉर्मांतून त्याचे उत्तर निघणार नाही.

एक प्रसंग पुस्तकांत सहसा येत नाही. कार्यालयात ४० जण आहेत आणि चाळीसही जणांनी फॉर्म भरला, मग तो नमुना राहत नाही, ती पूर्ण मोजणी होते. त्या कार्यालयापुरता दोन गटांत दिसणारा फरक हाच खरा फरक. चाचणी लावायचीच असेल तर हे ४० जण कोणत्या मोठ्या समूहाचे किंवा परिस्थितीचे नमुने मानले आहेत, ते आधी सांगावे लागते.

आकडे भरताना

एक माणूस म्हणजे एक आडवी ओळ, एक प्रश्न म्हणजे एक उभा रकाना. प्रत्येक कागदी फॉर्मवर अनुक्रमांक टाकून तोच पहिल्या रकान्यात लिहावा, म्हणजे पुढे शंका आली तर मूळ कागद काढता येतो. कोणत्या उत्तराला कोणता अंक दिला, याची वेगळी यादी ठेवावी. रिकामे उत्तर रिकामेच ठेवावे. काहीजण तिथे ० भरतात, काहीजण जुन्या सवयीने ९९. सॉफ्टवेअरला ही खूण सांगायची राहिली की पाच गुणांच्या मोजपट्टीची सरासरी ७.३ येते. इतकी ढोबळ चूक निदान डोळ्यांत भरते. शून्याची चूक सरासरी हळूच खाली ओढते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

उलट्या विधानांचे गुण फिरवणे हे यातले सर्वांत जास्त विसरले जाणारे काम. ‘या कामाचा मला कंटाळा येतो’ याला पूर्ण सहमत असणारा माणूस समाधानी नसतो, म्हणून त्याचा ५ हा १ व्हायला हवा आणि ४ हा २. पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीत ६ मधून मूळ गुण वजा केले की झाले. हे राहिले तर क्रोनबाखचा अल्फा लगेच चुगली करतो. ली क्रोनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला हा गुणांक एकाच गोष्टीविषयीची विधाने एकमेकांशी कितपत सुसंगत आहेत ते सांगतो. साधारणपणे ०.७ च्या वर असला तर पुरेसा मानतात. तो ०.३ आला किंवा चक्क ऋण आला, तर मोजपट्टीला दोष देण्याआधी उलटी विधाने तपासावीत. दहांतल्या आठ वेळा दोष तिथेच निघतो. अल्फा विधानांच्या संख्येबरोबरही वाढतो, त्यामुळे तीस विधानांचा ०.९ पाहून हुरळून जाऊ नये.

काय-वर्ग चाचणी

दोन्ही बाजूंची उत्तरे वर्गवारीची असतील तर कार्ल पिअरसन यांची १९०० सालची काय-वर्ग चाचणी कामी येते. समजा १२० कामगारांना विचारले, ‘पाळी बदलणार असल्याचे आदल्या आठवड्यात कळते का?’ कायम ७० जणांपैकी ४९ ‘हो’ म्हणाले, २१ ‘नाही’. कंत्राटी ५० जणांपैकी २३ ‘हो’, २७ ‘नाही’. म्हणजे कायम कामगारांत ७० टक्के आणि कंत्राटींत ४६ टक्के.

शून्य परिकल्पना अशी: नोकरीचा प्रकार आणि आगाऊ कळणे यांचा संबंध नाही. तसे असते तर दोन्ही गटांत ‘हो’चे प्रमाण सारखेच, एकूण १२० पैकी ७२ म्हणजे ६० टक्के, असते. मग ७० कायम कामगारांत ४२ ‘हो’ आणि २८ ‘नाही’ अपेक्षित. ५० कंत्राटींत ३० ‘हो’ आणि २० ‘नाही’. प्रत्यक्षातला आकडा प्रत्येक चौकटीत अपेक्षेपासून ७ ने दूर आहे. या ७ चा वर्ग ४९. त्याला प्रत्येक चौकटीच्या अपेक्षित संख्येने भागले की १.१७, १.७५, १.६३ आणि २.४५ मिळतात. बेरीज ७.००. दोन ओळी आणि दोन रकान्यांच्या तक्त्याला स्वातंत्र्यमात्रा १, आणि पाच टक्के पातळीला तक्त्यातली सीमा ३.८४. सात त्याच्या पुढे आहे, पी-मूल्य (त्याचा अर्थ पुढे येतो) ०.००८, म्हणून शून्य परिकल्पना नाकारायची, म्हणजेच फरक ‘सार्थक’ ठरतो. येट्स यांची दुरुस्ती लावली तर मूल्य ६.०४ पर्यंत उतरते आणि पी-मूल्य ०.०१४ होते, निष्कर्ष तोच राहतो. हा हिशेब एकदा तरी कागदावर हाताने करावा. पुढे सॉफ्टवेअरने चमत्कारिक आकडा दिला तर तो चमत्कारिक आहे, हे ओळखता येते.

आता तेच प्रमाण निम्म्या माणसांत, म्हणजे ६० जणांत दिसले असते असे धरावे. टक्केवारी हुबेहूब तीच, पण काय-वर्ग निम्मा, म्हणजे ३.५, आणि सीमेच्या अलीकडे. फरक ‘सार्थक नाही’! उलट दहापट माणसे घेतली तर अगदी किरकोळ फरकही सार्थक ठरू लागतो. सार्थकता फरकाइतकीच माणसांच्या संख्येवरही ठरते. म्हणून शेजारी परिणामाचे माप द्यावेच लागते. इथे क्रामेरचा व्ही ०.२४ आहे, म्हणजे संबंध आहे पण जोरकस नाही. त्याहून बोलका आकडा टक्केवारीच्या फरकाचा: २४ टक्के बिंदू, आणि त्याचे ९५ टक्के विश्वासांतर साधारण ६.५ ते ४१.५. एवढा रुंद पट्टा पाहिल्यावर ‘कंत्राटी कामगारांना चोवीस टक्क्यांनी कमी कळते’ असे छातीठोक वाक्य लिहिताना हात जरा आखडतो, आणि आखडावाच.

या चाचणीत टक्केवारी घालायची नसते, माणसांची संख्याच घालायची असते. अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असलेल्या चौकटी फार झाल्या तर फिशर यांची अचूक चाचणी वापरावी किंवा अर्थ न बिघडवता वर्ग एकत्र करावेत. ‘असहमत’ आणि ‘पूर्ण असहमत’ एकत्र येऊ शकतात, ‘स्टोअर्स’ आणि ‘पेंटशॉप’ केवळ दोन्ही लहान आहेत म्हणून एकत्र येऊ शकत नाहीत.

काय-वर्गाचा एक वापर प्रकल्पांत पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे आणि तो सोडून द्यायला हवा. शंभर जणांनी पाच पर्यायांपैकी एक निवडला. विद्यार्थी प्रत्येक पर्यायाला अपेक्षित संख्या २० धरतो, काय-वर्ग काढतो, तो सार्थक येतो, आणि खाली लिहिले जाते ‘म्हणून कर्मचारी समाधानी आहेत’. पाचही पर्याय सारख्याच लोकांनी निवडावेत अशी अपेक्षा मुळात कोणाची होती? ५५ जण ‘पूर्ण असहमत’ असते तरी ही चाचणी तितकीच सार्थक आली असती. मागच्या बॅचचे प्रकल्प समोर ठेवून अहवाल लिहिण्याच्या पद्धतीतून ही चूक टिकून आहे. दुसऱ्या टोकाला कुठलेतरी ठोस गृहीत असेल, जसे की कारखान्यातल्या कायम-कंत्राटींच्या ज्ञात प्रमाणाशी नमुन्यातले प्रमाण जुळते का, तर हीच चाचणी उत्तम काम देते.

सरासऱ्यांची तुलना

दोन गटांच्या सरासऱ्यांसाठी टी-चाचणी. तिला ‘स्टुडंट’ची चाचणी म्हणतात ते विद्यार्थी वापरतात म्हणून नव्हे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणारे विल्यम सीली गॉसेट यांनी १९०८ मध्ये आपला शोधनिबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला, कारण कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने लिहिण्यास कंपनीची आडकाठी होती. थोड्याशाच नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा, ही त्यांची रोजच्या कामातली अडचण होती.

समजा आठ विधानांच्या समाधान-मोजपट्टीवर दिवसपाळीच्या ३६ जणांची सरासरी ३.५ आणि रात्रपाळीच्या ३६ जणांची ३.२ आली, दोन्हींचे प्रमाण विचलन ०.६. फरकाची प्रमाणत्रुटी ०.१४, टी २.१२, स्वातंत्र्यमात्रा ७०, पी-मूल्य ०.०४ च्या आसपास. ‘सार्थक’ आले. पण फरकाचे ९५ टक्के विश्वासांतर ०.०२ ते ०.५८ आहे: नगण्यापासून अर्ध्या पायरीच्या थोडे पुढेपर्यंत काहीही. कोहेनचे माप ०.५, म्हणजे मध्यम. याचा प्रामाणिक अर्थ असा, की रात्रपाळीत समाधान कमी असण्याची चिन्हे आहेत, किती कमी हे या नमुन्यावरून नीट सांगता येत नाही.

दोन्ही गटांचे प्रसरण सारखे आहे का, हे आधी तपासून मग चाचणीचा प्रकार ठरवण्याची पद्धत जुनी झाली. वेल्च यांचा प्रकार सरसकट वापरावा; प्रसरणे सारखी असली तरी त्यात फारसे काही गमवावे लागत नाही. गुण प्रसामान्य वक्रात बसतात का यावरही विद्यार्थी नको तितका घाम गाळतात. प्रत्येक गटात तीस-चाळीस माणसे असतील आणि गुण एका टोकाला साचलेले नसतील तर टी-चाचणी थोडेफार वाकडेपण सोसते. गट लहान असतील, गुण फार कललेले असतील किंवा उत्तर एकाच क्रमदर्शक विधानाचे असेल तर मान-व्हिटनी चाचणी घ्यावी. ती सरासऱ्यांऐवजी क्रमांकांवर चालते.

बाकीच्या चाचण्या याच दोन रस्त्यांच्या फाट्यांवर सापडतात. गट तीन किंवा जास्त असतील तर प्रसरण विश्लेषण, म्हणजे अॅनोव्हा, आणि त्याचा क्रमांकांवर चालणारा जोडीदार क्रुस्कल-वॉलिस. फरक नेमका कोणत्या दोन गटांत आहे ते सांगायला नंतर टुकी यांची जोडीवार तुलना. तीच माणसे आधी आणि नंतर विचारली असतील तर जोडीची टी-चाचणी किंवा विल्कॉक्सन. उत्तर हो-नाही असेल तर मॅकनेमार. दोन संख्यांचा संबंध पाहायचा तर पिअरसनचा सहसंबंध गुणांक, क्रमदर्शकांसाठी स्पिअरमनचा. मात्र त्याआधी विखुरण-आलेख काढून नजरेखालून घालावा. एकटा पडलेला एखादा ठिपकाही गुणांक कुठल्या कुठे नेतो. वय, नोकरीची वर्षे आणि पगार हे सगळे एकमेकांत गुंतलेले असताना प्रत्येकाचा वाटा वेगळा काढायचा असेल तर प्रतिगमन लागते. पदवीच्या प्रकल्पात ते गाइडचा हात धरूनच करावे.

या सर्व चाचण्यांचे एक गृहीत सहज नजरेआड होते: माणसे एकमेकांपासून स्वतंत्र असावीत. एकाच सुपरवायझरच्या हाताखालचे पंधरा जण त्याच्याविषयी जे सांगतात ती पंधरा स्वतंत्र मते नसतात. चार लाइनींतून साठ फॉर्म आले असतील तर निदान लाइनीनुसार सरासऱ्या वेगळ्या मांडून दाखवाव्यात आणि ही मर्यादा नोंदवावी.

सॉफ्टवेअरची अडचण आता उरलेली नाही. कॉलेजात एसपीएसएस असेल तर ठीक. नसेल तर जामोवी, पीएसपीपी आणि आर ही तिन्ही मोफत आहेत, आणि नवशिक्याला जामोवी सर्वांत सोपे जाते. एक्सेलमध्ये काय-वर्गाचे सूत्र प्रत्यक्ष आणि अपेक्षित असे दोन्ही तक्ते मागते. अपेक्षित तक्ता स्वतः बनवावा लागतो.

पी-मूल्य वाचताना

पी-मूल्य ०.०४ याचा अर्थ ‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता चार टक्के’ असा नाही. शून्य परिकल्पना खरी धरली, तर इतका किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता चार टक्के, असा तो आहे. व्हायवात हटकून विचारला जाणारा हा प्रश्न आणि हटकून चुकणारे हे उत्तर. पाच टक्क्यांची रेषा ही निसर्गाने आखलेली नाही, आर. ए. फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात ती सोयीची म्हणून सुचवली आणि तक्त्यांमुळे रूढ झाली. ०.०४९ आणि ०.०५१ यांत जमीन-अस्मानाचा फरक मानणाऱ्या वापराविरुद्ध अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये अधिकृत निवेदनच काढले. पी-मूल्य मोठे आले तर ‘शून्य परिकल्पना सिद्ध झाली’ किंवा ‘स्वीकारली’ असेही लिहू नये. ती नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढेच म्हणता येते.

वीस विधाने घेऊन प्रत्येकावर स्त्री-पुरुष तुलना केली, आणि प्रत्यक्षात कुठेच फरक नसला, तरी निदान एकात ‘सार्थक’ फरक निघण्याची शक्यता, चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर, ६४ टक्के असते. वय, शिक्षण, विभाग, अनुभव असे आणखी रकाने जोडले की शंभर चाचण्यांत पाच-सहा ‘शोध’ आपोआप लागतात, आणि अहवालात नेमके तेच तेवढे छापले जातात. उपाय दोन. मुख्य प्रश्न आधीच लिहून ठेवावेत, किंवा बॉनफेरोनीच्या रीतीने सीमा चाचण्यांच्या संख्येने भागावी; वीस चाचण्यांसाठी ०.०५ ऐवजी ०.००२५. नंतर सुचलेली तुलना करायला हरकत नाही, फक्त ती नंतर सुचली असे नमूद करावे.

संबंध सापडला म्हणजे कारण सापडले असेही नाही. समाधान कमी आणि खाडे जास्त हे एकत्र दिसले, तर नाराजीमुळे खाडे होतात, की खाड्यांमुळे सुपरवायझर धारेवर धरतो आणि मग नाराजी येते, की घरच्या आजारपणातून दोन्ही, हे एकदाच भरलेला फॉर्म सांगू शकत नाही. शिवाय जे सर्वांत नाराज होते ते केव्हाच नोकरी सोडून गेलेले असतात. सर्वेक्षण उरलेल्यांचे होते.

अहवालात

निकालाच्या एका वाक्यात गट, संख्या, चाचणी, तिचे मूल्य, पी-मूल्य आणि परिणामाचे माप यावे. वरच्या उदाहरणाचे वाक्य असे होईल: ‘पाळी बदलल्याचे आगाऊ कळते असे कायम कामगारांपैकी ७० टक्के (७० पैकी ४९) आणि कंत्राटी कामगारांपैकी ४६ टक्के (५० पैकी २३) जणांनी सांगितले, हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थक आहे (काय-वर्ग ७.००, स्वातंत्र्यमात्रा १, पी-मूल्य ०.००८, क्रामेरचा व्ही ०.२४).’ एसपीएसएसच्या पडद्यावर दिसणारे ‘०.०००’ तसेच उतरवू नये, ‘०.००१ पेक्षा कमी’ असे लिहावे. सॉफ्टवेअरचे तक्ते जसेच्या तसे चिकटवून पाने भरण्यापेक्षा हवे ते चार आकडे काढून स्वतःचा तक्ता करावा. जिथे फरक आढळला नाही ते निकालही द्यावेत.

वाटलेले, परत आलेले, बाद केलेले आणि अखेर वापरलेले फॉर्म यांचे चारही आकडे पद्धतीच्या प्रकरणात येतात. कंपनीला द्यायच्या प्रतीत पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाची उत्तरे वेगळी दाखवू नयेत, आणि मोकळ्या उत्तरांतली वाक्ये उतरवताना बोलणारा ओळखू येईल असे तपशील, मशीनचा नंबर किंवा गावाचे नाव, काढून टाकावेत. भरलेले कागदी फॉर्म व्हायवा होईपर्यंत विद्यार्थ्याने स्वतःकडे कुलुपात ठेवावेत. ‘रेकॉर्डसाठी’ म्हणून ते एचआरकडे मागितले गेले तरी देऊ नयेत, आणि हे कंपनीला सर्वेक्षणाची परवानगी मागतानाच लेखी कळवलेले असावे.